करीमचाचांचं जपान

आमच्या घरात समुद्र पाहिलेला माणूस एकच, करीमचाचा; आणि त्यांनी पाहिलेला समुद्र जपानचा होता, असं सगळं माकणी गाव धरून चाललं होतं. चाचा हे अब्बांचे धाकटे भाऊ. लढाईच्या दिवसांत ते सोलापूरला जाऊन पलटणीत भरती झाले आणि लढाई संपल्यावर एक पत्र्याची ट्रंक, एक जाड खाकी कोट आणि छातीतला दमा एवढं घेऊन घरी आले. मी तेव्हा रांगत होते म्हणे. मला समज आली तेव्हा घरात नोतोची गाणी होतीच, जशी चूल होती, जातं होतं, अंगणात लिंबाचं झाड होतं. नोतो हा जपानातला एक मुलूख, समुद्रात हात लांब करावा तसा आत गेलेला, असं चाचा सांगत. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात जपान बोटाच्या पेराएवढं होतं आणि त्यात नोतो कुठं लिहिलेलं नव्हतं. ती मी नकाशा काढणाऱ्याची चूक मानत असे.

घर माळवदाचं, तीन खणांचं. पुढच्या खणात अब्बांची बाज आणि बियाण्याच्या कणग्या, मधल्या खणात आम्ही सगळे, मागं चूल आणि जातं. अम्मा चुलीची मालकीण आणि चाची जात्याची. दोघी एकमेकींच्या कामात कधी हात घालत नसत. अम्माच्या हातची आंबट चुक्याची दाळ आणि तव्यावरून थेट ताटलीत पडणारी ज्वारीची भाकरी, एवढ्यावर आमचे बहुतेक दिवस निघायचे. शुक्रवारी त्यात कांद्याची खमंग फोडणी यायची. चाचीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मी तिच्या वाट्याला अर्धी आले होते. फटफटायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची आणि मी गोधडीसकट उठून तिच्या मांडीपाशी जाऊन पडायची. पीठ गळत असायचं, तिचा खुंटा धरलेला हात माझ्या डोक्यावरून फिरत असायचा, आणि ती जपान गात असायची.

घरात आम्ही दखनी बोलायचो, ओट्याखाली पाय पडला की मराठी. चाचांनी गाणी मात्र मराठीतच रचली होती, कारण ऐकणारे ओट्याखालचे होते. संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वेळची धामधूम ओसरून तेव्हा काही वर्षं झाली होती. त्या दिवसांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे, आणि मीही इथं बोलणार नाही. एवढंच लिहिते की त्यानंतर बरेच दिवस आमच्या ओट्यावर कुणी येऊन टेकत नव्हतं, आणि जे पहिले येऊन टेकले ते चाचांची गाणी ऐकायला. आमच्या शेजारचं शेत सिद्रामआप्पांचं. ते आले, त्यांच्या मागून त्यांची सुना-पोरं आली. मग दिवस मावळताना आमच्या ओट्यावर जागा पुरेनाशी झाली आणि अम्मा कुरकुरत का होईना, चहाचं आधण वाढवून ठेवू लागली.

गाणी चार होती. एक मीठ काढणाऱ्या बायकांचं. त्या बादल्यांनी समुद्राचं पाणी उचलून वाळूवर भिरकावतात, असं चाचा उभं राहून हातांनी करून दाखवत. एक बर्फाचं, घर छपरापर्यंत बुडतं आणि माणसं माडीच्या खिडकीतून बाहेर पडतात. त्यावर दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "करीमभाई, हे जरा जास्ती व्हतंय," आणि चाचा कानाच्या पाळीला हात लावायचे. सगळ्यांच्या आवडीचं गाणं हजार वाफ्यांचं. नोतोत डोंगर सरळ समुद्रात उतरतो आणि त्याच्या अंगावर साळीचे बारके बारके वाफे पायऱ्यांसारखे काढलेले असतात. एक शेतकरी दिवसभर राबून आपले वाफे मोजतो, तर एक कमी भरतो. पुन्हा मोजतो, पुन्हा एक कमी. शेवटी कंटाळून घरी जायला निघतो:

नोतोच्या डोंगराला हजार वाफ्यांची पायरी,
उतरत उतरत जाती समुद्राच्या दारी.
मोजता मोजता बाई दीस गेला कलून,
एक वाफा हरपला, पाहू कुठं शोधून?
घोंगडं उचललं गं घराकडं जाया,
त्याच्याखाली निजला होता हजारावा, बाया!

प्रत्येक कडव्यामागं 'योई योई' असा एक जपानी हुंकार होता. तो बायकांना इतका आवडला होता, की खुरपताना, पाणी शेंदताना, कुठंही त्या 'योई' म्हणत. चाचा सांगत की तिकडं ते घोंगडं नसतं, गवताचं विणलेलं इरलं असतं. पण इरलं म्हटलं असतं तर आमच्याकडं निम्म्यांना कळलं नसतं. खरी गंमत अशी, की एवढ्या बारक्या शेताचं गाणं ऐकताना आमच्याकडचे सलग काळ्या रानाचे मालक पोट धरून हसत आणि हसता हसता एकदम गप्प होत.

चौथं गाणं शेतातल्या पाहुण्याचं. नोतोतले लोक सुगी झाल्यावर, थंडीत, ठेवणीतले कपडे घालून शेतात जातात आणि कुणाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पाहुण्याला हाताला धरून घरी आणतात. वर्षभर चिखलात राहून त्याची नजर गेलेली असते. म्हणून वाटेत त्याला सांगत यावं लागतं, इथं दगड आहे, इथं पायरी आहे. घरी आल्यावर त्याला ऊन पाण्यानं आंघोळ घालतात, ताट वाढतात आणि ताटातलं एकेक त्याला बोलून सांगतात. चाचांनी गाण्यात त्याला फक्त पाहुणाच म्हटलं होतं, दुसरा शब्द वापरला नव्हता. त्यामुळं ते गाणं आमच्याही घरात चाले आणि आप्पांच्याही.

हात द्या पाव्हणं, हितं उंबरा हाये,
डोळ्यांला दिसंना तर माझा सबूद हाये.
कढत पाणी काढलंय, आंग धुवा पाव्हणं,
वरीसभर चिखलात तुमचंच ऱ्हाणं.

आमच्या भागात येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप उभी करतात, आंबिलाचं गार मडकं, भज्जी, उंडे, धपाटे. आप्पांच्या कोपीपुढं आमचं बोलावणं ठरलेलं असायचं. एका येळवशीला चाचांनी तिथं हे गाणं म्हटलं तेव्हा आप्पांच्या आईनं आंबिलाचा गडू खाली ठेवला आणि विचारलं, "करीम, त्यास्नी कुणी सांगितलं रं आपली येळवस?"  चाचांना खोकल्याची उबळ आली म्हणून ते उठून गेले. मी तेव्हा त्यात खोकल्यापलीकडं काही पाहिलं नाही.

हे सगळं असंच चाललं असतं, पण आमच्याकडं गोसावी नावाचे एक ग्रामसेवक आले. वयानं तरणे, सायकलवरून हिंडणारे, आणि ज्या कामावर नेमलंय ते मनापासून करणारे. सरकारनं तेव्हा जपानी पद्धतीनं साळ पिकवण्याचा प्रचार चालवला होता. गादीवाफ्यावर रोपं करायची, दोरी लावून ओळीत लावणी करायची, मोजून खत द्यायचं. आमच्याकडं साळ म्हणजे नदीकाठच्या सखल पट्टीत विसकटून पेरायची चीज; दोरी लावून शेती करणं लोकांना पोरखेळ वाटे. गोसावींनी चावडीसमोर पुस्तिका वाचून दाखवली, लोक उठून गेले. गोसावींना कुणीतरी सांगितलं की तुमचं जपान इथं आधीच आलेलं आहे. त्याच दिवशी ते आमच्या ओट्यावर आले. चाचांची चारी गाणी त्यांनी मान खाली घालून ऐकली आणि मग म्हणाले, "करीमभाई, तुम्ही माणूस आहात की खजिना? हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?"

चाचा थोडे थांबले. माझ्या आठवणीत तेवढं थांबणं आहे, पण ते मी मागाहून घातलेलं असू शकेल. "हौ साहेब," ते म्हणाले.

पुढचं भराभर झालं. आमची तेरणेकाठची सखल पट्टी प्रात्यक्षिकासाठी घ्यायचं ठरलं. अब्बा सहजासहजी शेतात कुणाला हात घालू देणारे नव्हते. त्या पट्टीवर घरचा वर्षाचा तांदूळ यायचा, आणि ईदच्या खिरीपासून आजाऱ्याच्या पेजेपर्यंत सगळं त्यात भागायचं. त्यांनी गोसावींना वाटेला लावलं आणि चाचांना समोर बसवून दखनीत विचारलं, "तू अपनी आँख से देख्या ना रे?" चाचा म्हणाले, "देख्या, भाई." अब्बांनी होकार दिला तो पुस्तिकेला नव्हे, भावाच्या डोळ्यांना. ती पट्टी आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मी कधी त्या बाजूला गेले तर काठावर उभी राहून अंदाजानं बोट दाखवते, आणि सोबतच्या माणसाला नुसतं पाणी दिसतं.

गोसावींना गाणीही हवी होती, पण त्यांत खत हवं होतं. "एवढं हजार वाफ्यांचं म्हणता, त्यात वाफ्याला खत किती ते येऊ द्या की," असं ते अगदी अजिजीनं म्हणत. चाचांनी एक कडवं करून दिलं, ज्यात शेतकऱ्याचा हरवलेला वाफा खताच्या पोत्याखाली सापडतो. गोसावी खूश झाले. चाचीनं मात्र ते कडवं जात्यावर एकदाही म्हटलं नाही. दुसरी अडचण आवाजाची. दम्यामुळं चाचांचा आवाज तिसऱ्या ओळीला फाटायचा. घरात सगळी गाणी हुंकारासकट येणारी मी होते, सातवीत शिकणारी, दोन वेण्या पाठीवर टाकून हिंडणारी.

अम्मानं ते ऐकून उलथनं आपटलं. "जवान होती बेटी पराए मर्दां के सामने गाती क्या?" ती म्हणाली. त्यावर दोन दिवस घरात भांडी जोरात वाजत होती. चाची तिच्या जावेसमोर सहसा तोंड उघडत नसे, तिनं तेव्हा एवढंच म्हटलं, "भाबी, लावणी करताना बायका गातातच. ही त्यांच्यात उभी राहील." अब्बांनी तेच धरलं. डोकं झाकून, बायकांच्या ओळीत, स्वतःच्या शेतात; चावडीवर नाही, मांडवात नाही. मी गाणार म्हणून मला फार आनंद झाला होता, असं लिहायला हवं, पण तसं नव्हतं. मला चिखलात उभं राहायची किळस वाटायची, आणि पायाला जळू लागेल याची धास्ती.

लावणी झाली. दोरी धरून, ओळीनं, आप्पांच्या सुना आणि आमची चाची आणि मी. बांधावर आसपासचे लोक बघायला जमले होते, सास्तूरपासून गाड्या जुंपून आले होते. चाचा त्यांच्यामध्ये उभे राहून सांगत होते की रोपं अशी चिमटीत धरायची, असा अंगठा दाबायचा. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. साळ खरंच चांगली उभी राहिली. दाट, एका उंचीची, वाऱ्याबरोबर एकदम वाकणारी. अब्बा तिन्हीसांजेला नुसते बांधावर जाऊन बसायचे. आणि साळ निसवायला लागली त्या सुमाराला गोसावी सायकल अंगणात आडवी टाकून धावत आत आले. जपानातले एक साळीचे जाणकार देशभर हिंडत होते. वरच्या कचेरीनं त्यांना आमची पट्टी दाखवायचं ठरवलं होतं.

त्या रात्री चाचा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी अंग तापल्याचं सांगितलं. चाचीनं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ताप नै. उठो." तेवढंच. ते उठले, दाढी केली, खाकी कोट घातला. त्या उकाड्यात तो कोट पाहून मला हसू आलं होतं.

जपानी साहेब ठेंगणे, उन्हानं रापलेले, पन्नाशीचे असावेत. सोबत दोन अधिकारी आणि दिल्लीकडचा एक दुभाषी, हिंदी बोलणारा. साहेबांनी आल्या आल्या जोडे काढून बांधावर ठेवले, विजार दुमडली आणि सरळ वाफ्यात उतरले. लोंबीला हात लावला, माती बोटांत चोळून हुंगली. बांधावरची माणसं एकमेकांकडं बघून माना हलवायला लागली. साहेब आणि शेतात अनवाणी, हे आमच्याकडं कुणी पाहिलेलं नव्हतं. गोसावींनी मला खूण केली. मी डोक्यावरची ओढणी पुढं ओढली आणि हजार वाफ्यांचं गाणं सुरू केलं, खताचं कडवं धरून. बायकांनी 'योई योई' उचललं.

'नोतो' हा शब्द आला तसे साहेब वर बघायला लागले. पहिल्या 'योई'ला त्यांनी हातातली माती टाकून दिली. एक अधिकारी ओळ न ओळ हिंदीत करून देत होता आणि दुभाषी ती साहेबांच्या कानाशी सांगत होता. घोंगड्याखाली वाफा सापडला तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि हसतच राहिले, आमच्या लोकांसारखेच. गाणं संपल्यावर त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं. दुभाषी म्हणाला, ही गोष्ट नोतोतलीच आहे, साहेबांची बायको त्याच बाजूची आहे. हे गाणं बांधणारा माणूस तिथं कुठल्या गावात राहिला होता, कुणाच्या घरी? साहेब परत गेल्यावर त्या घरी जाऊन सांगतील की हिंदुस्थानात तुमचे वाफे गातात.

सगळे चाचांकडं वळले. "सांगा करीमभाई, सांगा," गोसावी म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की पुढं कित्येक वर्षं मला तो चेहरा आठवायला नको वाटायचा. चाचांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. अब्बा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

"साहब," चाचा म्हणाले, "मैं वहाँ गया नै."

दुभाष्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं. मग चाचांनी सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, न थांबता, दम लागेपर्यंत. ते समुद्रापलीकडं कधी गेलेच नव्हते. त्यांची पलटण राजपुतान्यात होती, वाळूत. तिथं तारेच्या कुंपणाआड जपानी कैदी ठेवले होते आणि चाचा बाहेरून पहारा करत. आतला एक जण, सातो नावाचा, नोतोचा शेतकरी, रोज त्याच कोपऱ्यात येऊन बसायचा आणि गायचा. आपलं गाव विसरू नये म्हणून तो गातो, असं त्यानं पुढं हातवाऱ्यांनी आणि चार उधारीच्या हिंदी शब्दांनी सांगितलं. दोन वर्षं. वाफे त्यानं वाळूत बोटानं काढून दाखवले होते, बर्फ छातीपर्यंत हात नेऊन, मीठवाल्या बायका रिकामी बादली उडवून. चाल त्याची, गोष्टी त्याच्या. चाचांनी फक्त शब्द घातले. नंतर पलटण हलली. सातोचं पुढं काय झालं ते ठाऊक नाही.

दुभाष्यानं हे सगळं साहेबांना सांगून पुरं केलं. जपानी साहेबांनी खिशातून वही काढली, सातोच्या गावाचं नाव विचारलं. चाचांना गावाचं नाव नीट सांगता येईना. त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं उच्चारून पाहिलं, साहेबांनी तिन्ही लिहून घेतली. मग ते चाचांपुढं कमरेतून खाली वाकले, आणि वाकलेले बराच वेळ तसेच राहिले. चाचांना काय करावं कळेना, त्यांनी पलटणीतला सलाम ठोकला. अधिकारी घड्याळ बघत होते. गाडी निघून गेली तेव्हा अब्बा बांधावर नव्हते. ते आधीच घराकडं चालायला लागले होते.

सिद्रामआप्पा दुसऱ्या दिवशी आले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "लई वाईट केलंस करीम. आरं, आमी तुज्या जपानवर पोरं निजवली. बर्फाचं तेवढं खोटं असंल म्हणलं, बाकी खरं धरलं. तर तू गेलाच न्हाईस व्हय?" चाचांनी मान खाली घातली होती. एवढं बोलून आप्पा परत गेले. ओटा पुन्हा रिकामा झाला. आडावर मला बायका विचारायच्या, "आता कुठं जाऊन आला गं तुजा चाचा?" आणि हसायच्या. गोसावींची पुढच्याच महिन्यात बदली झाली. त्यांनी वर पाठवलेल्या कागदात चाचांचा उल्लेख प्रत्यक्ष जपान पाहिलेला शेतकरी असा केला होता, त्याचं त्यांना ऐकून घ्यावं लागलं असणार. जाताना ते आमच्या घरी आले, चाचांशी हात मिळवला, पण बोलले फक्त साळीविषयी.

घरात त्याहून वाईट होतं. अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी चाचांशी बोलणंच बंद केलं. एकाच ताटलीत भाकरी मोडणारे दोघं भाऊ, पण काही सांगायचं असलं की अब्बा अम्माकडं बघून म्हणायचे, "उसकू बोल, बैलां कू पानी दिखा." चाचा दोन हातांवर बसलेले असायचे. ते ऐकून उठायचे. अम्मा निरोप तोंडातून काढायच्या आधी ते निम्म्या अंगणात असायचे.

मी चाचांवर चिडले होते. गाणी मी म्हटली होती, हसं माझं झालं होतं. एकदा जात्यापाशी मी चाचीला विचारलं, तुला ठाऊक होतं का. तिनं खुंटा फिरवता फिरवता सांगितलं, लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. "मग तू कुणाला बोलली का नाहीस?" तिनं जात्यात घास टाकला, पीठ सारलं. मग म्हणाली, "त्यांनी आधी खरंच सांगितलं होतं. परत आले त्या वर्षी. वाळू आणि तार. कुणी बसून ऐकलं नाही. मग कुणीतरी विचारलं, करीम, तू समुद्र पार करून आलास का, आणि ते हौ म्हणाले. त्या दिवशी लोक बसले." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "आणि मग लोक बसणं आपल्याला लागत होतं, जैबू. तुला आठवत नसेल." मला आठवत होतं, पण मी तसं म्हणाले नाही.

"मग त्या दिवशी का बोलून टाकलं? अजून एक हौ म्हणायचं," मी म्हणाले.

"तो माणूस तिथं जाऊन विचारणार होता," चाची म्हणाली. "तिथले लोक म्हणाले असते, असा कुणी आलाच नाही. मग सातोपण खोटा ठरला असता."

पुढं मी मराठीची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं मुलींना निबंध लिहायला शिकवलं. 'मी पाहिलेला समुद्र' हा विषय फळ्यावर लिहिला, की निम्म्या मुली समुद्र न पाहताच पानं भरून देत. मी कुणाला गुण कमी दिले नाहीत. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या वह्या तपासताना मला आमचं जातं ऐकू येई.

साळ कापली, खळ्यावर आणली. पीक नेहमीपेक्षा बरं आलं होतं, हे अब्बांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी कुणीच दोरी लावली नाही, आम्हीसुद्धा. त्या वर्षीची मळणी मात्र दोघा भावांनी मिळून केली. अब्बा बैल हाकत होते, चाचा पेंढा पसरत होते. मी आणि चाची सुपं घेऊन कडेला वाऱ्याची वाट बघत बसलो होतो. भर दुपार, बैलांच्या खुरांखाली पेंढ्याचा सरसर आवाज. अब्बांनी काही वेळ बैल थांबवले, तेव्हा चाचा कुणाकडंही न बघता गायला लागले. चाल मला ओळखीची होती, शब्द नव्हते. आणि शब्द मराठी नव्हते, घरातले होते.

रेती में तार, तार में तू,
तार के बाहर बंदूक ले को मैं.
तेरा गाँव तू बोल्या, मेरा मैं बोल्या,
दोनो कू पानी याद, दोनो के पास नै.

अशी तीन कडवी होती. दुसऱ्यात सातो त्याला वाळूत वाफे काढून दाखवतो आणि वारा ते पुसतो. तिसऱ्यात पलटण निघते, आणि सातो तारेतून हात बाहेर काढतो, आणि पहारेकऱ्याला त्याच्या हातात हात द्यायची मनाई असते. तिथं गाणं थांबलं. चाचांचा आवाज फाटला म्हणून थांबलं असं मला वाटलं, पण त्यांना दम लागलेला नव्हता. त्यांनी पुन्हा पेंढा पसरायला घेतला.

अब्बा कासरा हातात धरून उभे होते. बैल पेंढ्यात तोंड घालत होते, तरी त्यांनी ओढलं नाही. जवळजवळ दोन महिन्यांत ते भावाशी एक शब्द बोलले नव्हते. माझ्याकडं किंवा चाचीकडं न बघता, निरोप न पाठवता, त्यांनी सरळ चाचांना विचारलं,

"फिर? पौंच्या क्या रे उनो घरकू?"

"मालूम नै, भाई," चाचा म्हणाले. "मालूम पड्या तो आगे का जोडता."

अब्बांनी मान हलवली आणि बैल हाकले. चाचा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ते गाणं मी वहीत उतरवून ठेवलं आहे. तीनच कडवी आहेत.